पंपाशेजारचं चित्र

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वडील गेले, स्टुडिओ तिच्या अंगावर पडला, आणि मग गिऱ्हाइकंही तिला तेच म्हणू लागली. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, स्टुडिओत कधी लक्ष घातलं नव्हतं. तो चित्रकार होता. तैलरंगात माणसं रंगवायचा, आणि गावातल्या बहुतेक मोठ्या दिवाणखान्यांत त्याने काढलेला एक तरी चेहरा भिंतीवर असायचा. बहीणभावाचं एकमेकांवाचून पान हलत नसे. पण फोटोचा विषय निघाला की दादा लाडाने विचारायचा, "काय म्हणतंय तुझं यंत्र?" आणि धाकटीच्या कपाळाला आठी पडायची.

स्टुडिओ इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, कारण उजेड तिथेच चांगला मिळायचा. अर्धं छप्पर काचेचं. एका भिंतीवर वडिलांनी रंगवलेला कापडी पडदा: दोन खांब आणि कुठेच न जाणारा एक जिना. पडद्यापुढे खुर्ची आणि खुर्चीमागे, फोटो घेताना हलू नये म्हणून मान धरून ठेवणारा लोखंडी चिमटा. हा मुलूख आत्याचा. वडिलांची ही बहीण लग्न मोडून भावाकडे आली होती आणि त्या दिवसापासून स्टुडिओत राबत होती. गिऱ्हाइकाला बसवायचं, कॉलर सरळ करायची, चिमटा मानेला टेकवायचा आणि बजावायचं, "आता श्वास घ्या, पण दिसू देऊ नका."

मग कॅमेऱ्यात घातलेल्या काचेवर चेहरा उमटला की धाकटी बारीक टोकाची पेन्सिल घेऊन बसायची आणि सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं एकेक करून घालवायची. माणूस होता त्याहून तरुण होऊन बाहेर पडायचा. या कामात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. आणि नेमका याच कामाचा तिला वीट आला होता.

"सगळे एकाच आईच्या पोटचे दिसतात," ती एकदा आत्याला म्हणाली.

"दिसू देत. घरी नेऊन खूश होतात ना?"

"मी नाही होत."

मागच्या खोलीत मोरी होती. तयार झालेले फोटो आत्या तिथे पाण्यात खळबळून काढायची. मोरीवर एक खिडकी होती, आणि समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर आदळून तिथून सकाळी असा काही मऊ उजेड आत यायचा की धाकटी हातातलं काम सोडून दारात उभी राहायची. तो उजेड तिने हिवाळाभर पाहिला. मग एक दिवस जुना कॅमेरा तिने त्या खोलीत आणून ठेवला आणि तिथेच राहू दिला. पहिले काही दिवस आत्या त्याच्याकडे वळून वळून पाहायची. पुढे तिला सवय झाली. नंतर तर ती त्याच्या पायांवर ओली फडकी वाळत घालू लागली. धाकटी रोज सकाळी कॅमेऱ्यात काच भरून ठेवायची आणि रोज न वापरता काढून घ्यायची.

असाच एक दिवस उजाडला. आत्या बाह्या वर सारून मोरीशी उभी होती. पाण्यातून तिने एका बड्या अधिकाऱ्याचा फोटो उचलला, पाणी निथळायला उजेडात धरला, आणि तो माणूस चिमट्यात कसा अवघडला होता ते तिला आठवलं. आत्या हसली. साधंसुधं नाही; मान मागे टाकून, केसांचा अंबाडा सुटेपर्यंत, कोपरावरून पाणी ओघळत असताना. धाकटीने फडकं बाजूला सारलं आणि कॅमेऱ्याची झडप उघडून मिटली.

संध्याकाळी काच औषधात धुऊन झाली तेव्हा ती कितीतरी वेळ बसून राहिली. आत्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ आली होती. हसताना तोंडातला नसलेला दातही आला होता. फोटो धरलेला हात हलल्यामुळे पुसट झाला होता, जणू हसू दंडातून उतरून बोटांपर्यंत पोचलं होतं. सवयीने तिने पेन्सिल उचलली, आणि खाली ठेवली.

कलामंडळाचं वार्षिक प्रदर्शन, वर चित्रं आणि खाली नवी यंत्रं मांडणारं, तोंडावर आलं होतं. दादा मंडळाच्या निवड समितीवर होता. धाकटीने मोठ्या कागदावर छापलेला, चौकटीत बसवलेला फोटो त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हे चित्रांच्या दालनात लावायचंय."

दादा पाहत राहिला. "आत्या आहे ही," तो म्हणाला. "अगदी आत्या आहे." मग त्याने घसा साफ केला. "पण नियम तुला माहीत आहे. हाताने काढलेलं हवं. फोटो खालच्या दालनात जातात, यंत्रांबरोबर."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे आले."

"एक करता येईल. हा हात पुसट झालाय ना, तेवढा ब्रशने नीट कर. मागे थोडी रंगाची झाक दे. चार ठिकाणी ब्रश फिरला की मी छातीठोकपणे सांगीन, हाताने काढलंय म्हणून. आता सगळे फोटोवाले हेच करतात. लांबून तैलचित्र वाटतं."

तो मनापासून सांगत होता. बहिणीचं भलं व्हावं एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणूनच धाकटीला जास्त लागलं.

"दादा, तुझ्या चित्राला कोणी म्हटलं, जरा कोरून पुतळ्यासारखं कर, मग आत घेतो, तर चालेल तुला?"

"ते वेगळं."

"कसं?"

चौकट उचलून ती निघाली आणि दारातून म्हणाली, "याला ब्रश लागणार नाही. खाली तर खाली."

खालच्या दालनात तिला जागा मिळाली ती पाण्याचा पंप आणि शिवणयंत्र यांच्या मधे. पंपवाले गृहस्थ भले जाडजूड आणि बोलके होते. "बाई, काळजी करू नका," ते म्हणाले. "माझ्या पंपाला गर्दी झाली की तुमच्याकडेही दोनचार वळतील."

झालं उलटंच. पहिल्याच दिवशी एक बाई शिवणयंत्र बघायला आली, वळली, आणि आत्यासमोर उभी राहून हसायला लागली. तिचं हसू ऐकून मागचे आले. चित्रात विनोद काय ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण जो तो हसूनच पुढे जात होता. एक म्हातारा मात्र हसला नाही. तो पुसट हाताकडे बघत बराच वेळ थांबला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आमची ही अशीच हात उडवायची." दुसऱ्या दिवशी लोक आप्तांना घेऊन आले. वरच्या दालनातून राण्यांची आणि मंत्र्यांची चित्रं पाहून उतरणारे लोक विचारू लागले, ती हसणारी बाई कुठे आहे.

शेवटी पंपवाल्यांनी मंडळाच्या कचेरीत जाऊन तक्रार केली. "सगळे माझ्या पंपाकडे पाठ करून उभे राहतात. एक तर त्या बाईंना हलवा, नाही तर मला."

तक्रारीमुळे अख्खी समिती खाली उतरली. अध्यक्ष होते एक वयस्क शिल्पकार, कमी बोलणारे. त्यांनी चित्र पाहिलं, गर्दी पाहिली, आणि म्हणाले, "हलवायचं तर कुठे? खाली जागा नाही."

"वर आहे," धाकटी म्हणाली. ती कोपऱ्यात उभी होती, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

समितीत कुजबुज झाली. मग दादाच बोलला, थोडा चिडून, कारण सगळे त्याच्याकडे पाहत होते. "हे छान आहे हे मीही म्हणतो. पण काढलं कॅमेऱ्याने. तू नशिबाने तिथे होतीस."

धाकटी शांतपणे म्हणाली, "मग उद्या सकाळी तू तिथे राहा. तोच कॅमेरा, तीच खिडकी, तीच आत्या. काचा मी भरून देईन, धुऊनही देईन. बघायचं आणि झडप उघडायची एवढंच तू कर."

अध्यक्ष पहिल्यांदा हसले. "जा," ते दादाला म्हणाले. "आम्ही थांबतो."

दुसऱ्या दिवशी दादा स्टुडिओत आला तेव्हा आत्या ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून मोरीशी उभी होती.

"आत्या, हे काय? रोजच्यासारखी राहा ना."

"एवढा मोठा चित्रकार माझा फोटो काढणार, आणि मी रोजच्यासारखी राहू?"

त्याने तिला केस मोकळे करायला लावले. हातात ओला फोटो दिला. मान मागे टाकायला सांगितली. आत्याने सगळं केलं आणि चेहरा असा झाला की जणू कोणी तिच्या दाढेला हात घातलाय. दादाने झडप उघडून मिटली. मग म्हणाला, "हस." आत्या हसली आणि ते हसू झडप उघडेपर्यंत ओठांवरच वाळून गेलं. त्याने विनोद सांगितला.

"तू लहानपणापासून हाच सांगतोस," आत्या म्हणाली.

ऊन सरकत गेलं. पांढऱ्या भिंतीवरचा उजेड आधी कडक झाला, मग विझला. दादाच्या कपाळावर घाम आला. बायकामुलांची, मंत्र्यांची चित्रं काढताना तो दिवसचे दिवस घालवायचा. ओठ चुकला तर पुसून पुन्हा काढायचा. इथे पुसायला काहीच नव्हतं. क्षण आला की आला, गेला की गेला, आणि तो कुठून येतो हेच त्याला कळत नव्हतं.

दुपारी धाकटीने काचा धुऊन त्याच्यापुढे उभ्या केल्या. एकीत आत्या घाबरलेली, एकीत रुसलेली, एकीत चक्क डोळे मिटलेली. दादा एकेक काच उजेडात धरून पाहत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय हे कळायला दोघींना वेळ लागला.

"आत्या, तिच्यापुढे कशी गं उभी राहिली होतीस?"

"मी कुठे उभी राहिले? मी काम करत होते. ती उभी होती. हिवाळाभर."

दादाने काच खाली ठेवली. बहिणीकडे पाहिलं. "तू हिवाळाभर उभी होतीस?"

"उजेड आवडला होता," धाकटी म्हणाली. "बाकीचं यायचं होतं."

तो तडक मंडळात गेला. आपल्या काचा बरोबर घेऊन गेला. त्या त्याने समितीच्या टेबलावर मांडल्या आणि कशाचीही भीड न ठेवता सांगितलं, "यंत्र तेच होतं. त्याने मला काहीएक मदत केली नाही. पाहणारा माणूस बदलला की चित्र बदलतं, आणि आपण याहून वेगळं कशाला कला म्हणतो ते मला कोणी सांगावं."

एकदोघांनी नाक मुरडलं. उद्या गावातला प्रत्येक फोटोवाला वर येईल, असं एक जण म्हणाला. "चांगला असेल तो येईल," अध्यक्ष म्हणाले. "चित्रकारांचंही आपण तसंच करतो." त्यांनी हात वर करायला सांगितले. बहुतेक हात वर गेले, आणि नियमातून 'हाताने काढलेले' हे शब्द त्याच बैठकीत निघाले.

चौकट खालून वर नेताना पंपवाल्यांनी एक बाजू धरली, दादाने दुसरी. जिन्यावर लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. चित्रांच्या दालनात, भर उजेडाच्या भिंतीवर, एका सेनापतीच्या आणि एका राजकन्येच्या मधे जागा करून दिली गेली. राजकन्या दादानेच रंगवलेली होती. ती त्याने स्वतः थोडी बाजूला सरकवली.

चित्राखाली लावायची पाटी तो लिहायला बसला. "चित्रकार म्हणून तुझं नाव घालतो," तो म्हणाला.

"चित्रकार नको. छायाचित्रकार लिही."

दादाने मान वर करून पाहिलं, आणि सुबक मोठ्या अक्षरांत तसं लिहिलं.

आत्या आली ती दुपारच्या भर गर्दीत. कोणीतरी तिला ओळखलं, मग कुजबुज पसरली, आणि लोक बाजूला झाले. भिंतीवर ती स्वतः होती, सुटलेल्या केसांची, एक दात नसलेली, एवढ्या मोठ्या मानाच्या माणसांच्या मधे खुशाल हसणारी. आत्या नाकावरचा चष्मा सारखा करून पाहत राहिली.

"बाई गं," ती हळूच म्हणाली, "मी हसताना अशी दिसते होय."

"अशीच," धाकटी म्हणाली.

"मग आजवर मला कोणी सांगितलं का नाही?"

तिथेच दालनाच्या मधोमध, सेनापतीच्या रोखलेल्या नजरेसमोर, आत्या हसायला लागली. धाकटीजवळ कॅमेरा नव्हता, आणि त्या वेळी तिला त्याची गरजही वाटली नाही. गावातले फोटोवाले नियम बदलल्याचं ऐकून एव्हाना दारातून आत येत होते, ठेवणीतले कोट घालून, बोटांवरचे औषधांचे काळे डाग लपवायचा प्रयत्न न करता. सगळ्यात पुढच्याने तिला विचारलं, पुढच्या वर्षीसाठी चित्रं कधीपर्यंत द्यायची. तिने दादाकडे पाहिलं. दादाने दोन्ही हातांनी दार आणखी उघडून धरलं होतं.