मामांनी मला हद्दपार करायचं ठरवलं तेव्हा

मी बोलतोय. वाचनालयातलं निळ्या पुठ्ठ्याचं, कणा सैल झालेलं पुस्तक. आजवर लोकांनी मला खोटारडं म्हटलं, नास्तिक म्हटलं, डोकी फिरवणारं म्हटलं. पण मी कुणाची माफी मागायला तोंड उघडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा विषय मनाचे आजार, आणि त्यांच्याबद्दल माणसांनी करून घेतलेले गैरसमज. दवाखाना सांभाळून एका डॉक्टर बाईंनी मला लिहिलं. छापखान्यात माझी शाई वाळतेय तोच एक कामगार दुसऱ्याला म्हणाला, "हे कोण घेणार रे? वेडे वाचणार नाहीत आणि शहाण्यांना गरज नाही." दोघंही खो-खो हसले. मी तेव्हापासूनच तिरसट आहे.

वाचनालयात पहिली काही वर्षं नुसती धूळ खाल्ली. लोक माझं नाव वाचायचे आणि चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचे. घरी नेलं आणि शेजाऱ्यांनी बघितलं तर? कादंबऱ्या बघाव्यात तर सतत गावभर फिरतीवर. शेवटी मलाही काम मिळालं. वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून मला फटीत उभं केलं. मनाच्या आजारांवरचा अख्खा ग्रंथ, आणि नोकरी पाचरीची!

त्याच खिडकीपाशी ताई आली. ती शिवणकाम करायची आणि वाचनालयाच्या पडद्यांचं माप घ्यायला आली होती. माप घेण्यासाठी तिने मला उपसून काढलं. मी तिच्या हातात आपोआप उघडलो आणि तिची नजर पानावर पडली.

पानावर लिहिलं होतं: "हात जोडले की मनात देवाला शिव्या येतात. लहान मूल दिसलं की आपल्या हातून त्याला इजा होईल असं वाटतं. अशा विचारांनी भेदरलेली माणसं स्वतःला पापी समजतात. पण मनात विचार येणं म्हणजे तसं करायची इच्छा असणं नव्हे."

तिच्या गळ्यातली मापाची फीत घसरून खाली पडली. ती खिडकीखाली जमिनीवरच बसली आणि तीच ओळ परत परत वाचत राहिली.

"हे घरी नेऊ का?" तिने ग्रंथपाल बाईंना विचारलं. "मैत्रिणीला हवंय."

"न्या की," बाई म्हणाल्या. त्यांनी मैत्रिणीची चौकशी केली नाही.

ताईचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, आतल्या खोलीत धाकटी बहीण आणि तिची रांगती छकुली. काही महिन्यांपूर्वी ताई कापड बेतत होती. छकुली रांगत जवळ आली आणि ताईच्या मनात विजेसारखं चमकून गेलं, ही कात्री हिला लागली तर? मीच मारली तर? ती हादरली. त्या दिवसापासून तिने पोरीला उचललं नाही. कात्री फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकली. नवे कपडे बेतणं बंद. नुसती काजं-बटणं आणि फाटक्या शिवणी. गिऱ्हाइकं तोंड फिरवून जाऊ लागली.

आई-वडिलांच्या मागे या दोघींना मामांनी वाढवलं होतं. ताईने त्यांना सगळं सांगितलं.

"पाप असल्याशिवाय असलं मनात येतं का?" मामा म्हणाले. "प्रार्थना म्हण. मध्ये विचार आला की पुन्हा पहिल्यापासून."

ती म्हणत राहिली. घसा बसला. विचार हटेनात, उलट प्रार्थनेतच शिव्या घुसू लागल्या. मग तिने हात जोडणंच सोडलं. आपण कामातून गेलो, अशी तिची खात्री पटली होती.

तिने मला दोनदा वाचलं आणि धाकटीला समोर बसवून तो भाग मोठ्याने वाचून दाखवला.

धाकटीने मला तिच्या हातातून काढून मशीनवर ठेवलं. मग म्हणाली, "आणि मला वाटत होतं, तुला माझी पोर नकोशी झालीय."

"अगं वेडे, तिला जपायलाच तर लांब राहत होते!"

दोघी गळ्यात पडून रडल्या. मी मशीनवर पडून ऐकत होतो. त्या छापखान्यातल्या दोघांना तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

मी डॉक्टरांकडे जायला सांगतो. मी काही औषध नाही, आणि तसा दावाही केलेला नाही. धाकटी तिला घेऊन गेली. उपचार सुरू झाले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून कात्री आधी कपाटावरून टेबलावर आली. मग त्याच खोलीत छकुली ताईच्या मांडीवर आली. पहिल्या दिवशी ताईला दरदरून घाम फुटला. तरी तिने पोरीला खाली ठेवलं नाही. हळूहळू ती पुन्हा कापड बेतू लागली, वाचनालयाचे रखडलेले पडदेही तिने तेव्हाच शिवले.

मी वाचनालयात परतलो आणि हे सगळं मामांच्या कानावर गेलं. मामा वाचनालयाच्या समितीवर होते. भर बैठकीत त्यांनी मला टेबलावर आपटलं.

"हे पुस्तक पापाला आजार म्हणतं. उद्या चोरही म्हणेल, मला चोरीचा आजार आहे. काढून टाका!"

"काढा की," दुसरा एक सभासद जांभई देत म्हणाला. "नाहीतरी वाचतंय कोण?"

"मी वाचते."

ताई शिडीवर उभी राहून नवे पडदे लावत होती. ती खाली उतरली. आपल्याला काय काय विचार यायचे, ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं. एकही शब्द गिळला नाही. मग मामांकडे वळली.

"मामा, तुम्ही आम्हाला वाढवलंत. तुमच्यापुढे मी कधी आवाज चढवला नाही. देवालाही मी सोडलेलं नाही. मी पुन्हा हात जोडते. मध्ये शिवी आली तर येऊ देते. हा आजार आहे, हे त्याला कळतं. तुम्हालाच कळत नाही."

मामांचा चेहरा उतरला. ग्रंथपाल बाई उठल्या, त्यांनी मला टेबलावरून उचललं आणि दारासमोरच्या कपाटात, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेन असं ठेवलं.

पुढे एका दुपारी मामा एकटेच आले. बाईंना हळू आवाजात म्हणाले, "प्रार्थनेत एक शब्द जरी चुकला, तरी मला पहिल्यापासून म्हणावी लागते. तरुणपणापासून. कधीकधी सकाळची दुपार होते. यात... त्याबद्दल आहे का काही?"

"आहे, मामा. ताईने वाचलं त्याच्या पुढच्याच प्रकरणात."

त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं.

आता माझा पुठ्ठा झिजलाय, कण्याला दोनदा खळ लावून झालीय, कोपरे कुत्र्याच्या कानांसारखे दुमडलेत. तरी मी जागचा हलणार नाही. मामांनी मला परत आणलं, तेव्हा एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती: "इतकी वर्षं एकट्याने सोसलंत, आता कुणाला तरी सांगा." वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारणं नियमात बसत नाही. बाईंनी खोडरबर हातात घेतला, ओळ वाचली आणि खोडरबर खणात ठेवून दिला.

ती रेघ अजून तिथेच आहे. कुणाला ती पुसायची असेल, तर आधी माझ्याशी गाठ आहे.