दम लागलेला आवाज

दादा आला की आधी त्याचा आवाज येतो, मग सामान येतं आणि सगळ्यात शेवटी तो येतो. त्या दिवशी सामान म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा एक अँप होता. दिसायला जुन्या धाटणीचा, तपकिरी कापडाचा, पितळी कोपऱ्यांचा, मागच्या बाजूला काचेचे व्हॉल्व्ह असलेला. पण नुसतं दिसणंच जुनं, कारखान्यातून निघून वर्षही झालं नसेल. तो त्यानं सरळ रेडिओताईच्या टेबलावर आणून आदळला. तिथं कुणाचा तरी पंखा उघडून पडला होता, तो कोपरानं बाजूला सारला.

रेडिओताई म्हणजे त्याची धाकटी बहीण. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. ते गेल्यावर दुकान तिनं चालवलं, म्हणून गल्लीनं तिला हे नाव दिलं. आता रेडिओ कोण आणतो? पंखे येतात, मिक्सर येतात, कधी एखादा स्पीकर. धंदा बेताचाच, कारण बाईला खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतानाच ती सांगते, हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवं घ्या. वडील याला सचोटी म्हणायचे, आई बावळटपणा म्हणायची.

दादाचं तसं नव्हतं. दादा कलावंत. एके काळी त्याचा बँड होता आणि त्या बँडचं एक गाणं असं काही चाललं होतं की पोरं सायकलवरून ओरडत जायची. गाण्याचे शब्द पुढे सगळे विसरले. लक्षात राहिला तो मधला गिटारचा तुकडा. घोगरा, फाटका, ओरडून ओरडून घसा बसल्यासारखा, आणि तरी गोड. त्या तुकड्यावर दादा उभं आयुष्य जगला म्हणायला हरकत नाही. आता तोच बँड एका संध्याकाळपुरता पुन्हा जमणार होता. मोठं सभागृह, तिकिटं संपलेली. दादाला त्या दिवशी तो आवाज हवा होता.

"तोच पाहिजे," तो म्हणाला. "त्याच्यासारखा नको. तोच."

आता त्या आवाजाची गोष्ट ऐका. दादाचा पहिला अँप वडिलांनी याच टेबलावर बनवला होता, एका मोडक्या रेडिओच्या सामानातून. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये लोखंडाचा एक गठ्ठा असतो, वर तांब्याची तार गुंडाळलेली. तो ट्रान्सफॉर्मर. सगळा आवाज त्याच्यातून जातो. वडिलांनी वापरला तो रेडिओसाठीचा, इवलासा, त्यांनीच हातानं गुंडाळलेला. बातम्या ऐकवण्यापुरता जीव त्याचा. त्याच्यातून दादानं गिटार बडवली की बिचाऱ्याला दम लागायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे त्या दमाला. दादानं पुढे तो अँप देऊन त्याच्या बदल्यात एक चकचकीत नवा घेतला. घेणाऱ्यानं तो जुना भंगारात मोडला. हे कळलं त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

रेडिओताईनं पंखा बाजूला ठेवला आणि पदर खोचला. तिनं कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, विजेचा दाब उतरवला, जुन्या कागदी पडद्याचा स्पीकर शोधून आणून बसवला. दर फेरीला दादा स्टुलावर बसून तो तुकडा वाजवायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण कान तिलाही होते. आवाज चांगला होता, तो नव्हता. या अँपातला ट्रान्सफॉर्मर चांगला पोसलेला, काहीही टाका, हूं की चूं न करता गिळायचा. तिथंच घोडं पेंड खात होतं. मग तिनं स्वतः एक लहान ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. बोटं सोलली. आवाज बराच जवळ आला, पण अगदी शेवटी, लांबवलेल्या सुरावर, जिथं जुना धापा टाकायचा तिथं हा नुसताच बसायचा. वडिलांनी ते लोखंड कुठल्या यंत्रातून काढलं होतं कुणास ठाऊक. आता ते विचारणार तरी कुणाला?

दादा उठला, आळस दिला आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! आईच्या रेडिओत त्याचा जुळा भाऊ बसलाय की."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण खोटं नव्हतं. वडिलांनी लग्नानंतर एकाच बैठकीत, एकाच यंत्रातल्या लोखंडावर दोन ट्रान्सफॉर्मर गुंडाळले होते. एक आईच्या रेडिओत गेला. दुसरा सुटा पडून राहिला, त्याचा पुढे दादाचा अँप झाला.

आईचा रेडिओ म्हणजे काय हे दादाला माहीत असायला हवं होतं. काचबिंदूनं आईची नजर गेली, तेव्हापासून तिचा दिवस त्या रेडिओवरच उगवायचा आणि त्याच्यावरच मावळायचा. चहा कधी, औषध कधी, लेक दुकान कधी बंद करणार, सगळं ती त्याच्यावरून सांगायची. बातम्या देणाऱ्या माणसाला सर्दी झाली तरी हिला काळजी. रेडिओताईनं दादाला साफ सांगितलं की रेडिओला हात लावायचा नाही. दादा म्हणाला, एका संध्याकाळचा तर प्रश्न. ती म्हणाली, मग एका संध्याकाळपुरता दुसरा आवाज चालव. दोघांचा आवाज चढला. भिंती पातळ, आणि आईचे कान तिखट.

"काढ गं तो," आतून आई म्हणाली. "माझं काय, बातम्या शेजारीणही सांगते. त्याचं अडायला नको."

"आई, बाजारातला घातला तर रेडिओचा आवाज बदलेल."

"बदलू दे. आणि दादा, तुझ्यापाशीच ठेव रे. परत नको आणूस."

झालं! तळहातावरच्या फोडासारखा जपलेला लेक, त्यानं मागायचं आणि आईनं नाही म्हणायचं, असं या घरात कधी झालं होतं? रेडिओताईच्या फार जिवावर आलं. तिनं रेडिओची पाठ उघडली. आत ट्रान्सफॉर्मरला वडिलांनी बांधलेली सुती दोऱ्याची गाठ तशीच होती. ती तिनं कापली नाही, नखानं सोडवली, आणि दोरा आईच्या हातात दिला. आईनं तो बोटाला गुंडाळून ठेवला.

संध्याकाळपर्यंत ट्रान्सफॉर्मर अँपात बसला. कथलाचा शेवटचा डाग देऊन तिनं बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापायला वेळ दिला आणि दादाला खूण केली. त्यानं तो तुकडा वाजवला. शेवटच्या सुरावर दम लागला, आवाज फाटला, तुटतोय तुटतोय म्हणेपर्यंत पुन्हा उभा राहिला. समोरच्या शिलाई दुकानातलं मशीन थांबलं. दादानं गिटार खाली ठेवली, बहिणीचं डोकं धरलं आणि छातीशी घट्ट दाबलं. खोटं कशाला बोला, रेडिओताई सुखावली. पुढचे काही दिवस ती काम करता करता गुणगुणत होती. आयुष्यात पहिल्यांदा दादानं तिच्यापुढे डोळे पुसले होते, तिच्या हातच्या कामासाठी.

आईच्या रेडिओत तिनं बाजारातला ट्रान्सफॉर्मर घातला. आईनं बातम्या लावल्या, जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, हा कोण नवीन माणूस? माणूस तोच होता. आईनं आणखी थोडं ऐकून पाहिलं, मग म्हणाली बंद कर, परक्यासारखं वाटतं. त्यानंतर ती दिवसभर रेडिओच्या लाकडावर हात ठेवून बसायची. चहाची वेळ झाली का, हे पहिल्यांदाच लेकीला विचारू लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. रेडिओताई आईला कानात सांगत होती, कोण कुठं उभं आहे, दादानं कुठला शर्ट घातलाय. अँप बरोबर मधोमध ठेवला होता, उंच चौथऱ्यावर, वरून त्याच्यावर प्रकाश सोडलेला. त्याचा लाल दिवा पेटलेला होता. दादा माईकपाशी आला आणि अँपवर हात ठेवून म्हणाला की तुमच्या कानात इतकी वर्षं राहिलेला आवाज माझ्या वडिलांच्या हातचा आहे, आणि आज तो तुम्हाला पुन्हा ऐकवतोय. लोक उभे राहिले. आईनं लेकीचा हात घट्ट धरला. बहिणीबद्दल दादा एक अक्षर बोलला नाही, आईच्या रेडिओबद्दलही नाही. ठीक आहे, म्हटलं रेडिओताईनं मनात, वडिलांचं नाव घेतलं ना, पुष्कळ झालं.

मग तिची नजर खाली गेली. एवढ्या मोठ्या सभागृहात अँपचा आवाज पोचवायचा तर त्याच्यासमोर माईक हवा. माईक नव्हता. गिटारची वायर अँपकडे जातच नव्हती, ती दादाच्या पायाशी एका चपट्या काळ्या डबीत शिरत होती आणि तिथून पडद्यामागे. हल्ली मिळतात तशा डब्या, आकडा फिरवला की कुठल्याही अँपची नक्कल करून देतात. दादानं तो तुकडा वाजवला. नक्कल हुबेहूब होती. फक्त शेवटच्या सुरावर दम लागला नाही, कात्रीनं कापावा तसा सूर संपला. हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या.

रेडिओताईचे कान तापले. शेजारी आई पुढे वाकून बसली होती, न दिसणारे डोळे मंचाकडे लावून.

"हाच गं," आई म्हणाली. "हाच आपल्या रेडिओचा आवाज."

रेडिओताई त्या काळ्या डबीकडे बघत राहिली.

कार्यक्रम संपल्यावर आईला खुर्चीत बसवून ती मागे गेली. दादाभोवती गराडा होता, खांद्यावर टॉवेल, चेहरा उजळलेला. तिनं त्याला बाजूला ओढलं आणि एवढंच विचारलं की अँप का नाही वाजवला. तो आधी हसला. मग म्हणाला, दुपारीच साउंडवाल्यानं सांगितलं होतं, अँपातून जरा घुंई असा आवाज येतो, भरवसा नाही, एवढ्या लोकांसमोर उगाच कशाला जोखीम घ्यायची. दिसत मात्र झकास होता, फोटो किती निघाले बघ.

"आणि आवाज तोच होता ना? कुणाला कळलं?"

"मला कळलं."

"तू काय, तू मेकॅनिक."

तिनं पुढं विचारलं, आईचा ट्रान्सफॉर्मर? तिची अपेक्षा होती की तो निदान नाही म्हणेल, अँप मला हवाय म्हणेल. त्यावर भांडायची तिची पूर्ण तयारी होती. दादा म्हणाला, अगं, सगळा अँपच घेऊन जा की, मला कुठं नाचवायचाय तो धोंडा. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. आई आली होती का, तिला कसं वाटलं, काही विचारलं नाही. मग तिनं दोन माणसांच्या मदतीनं अँप गाडीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठायच्या आत तिनं ट्रान्सफॉर्मर काढून रेडिओत परत बसवला. मनात उत्तर तयार ठेवलं होतं. कार्यक्रम झाला, काम झालं, त्यानं परत पाठवला. एवढं खोटं तिला जमलं असतं, कारण त्यात खोटं थोडंच होतं. आईला चहा देऊन तिनं बातम्या लावल्या. आईचा कप ओठापर्यंत जाऊन थांबला.

"परत बसवलास?"

"हो. कार्यक्रम झाला ना, त्याचं काम झालं."

"काम कुठं झालं?" आई म्हणाली. "तो वाजलाच नाही तिथं."

रेडिओताई पलंगावर बसली.

"लग्नापासून ऐकतेय मी तो. कळणार नाही मला?"

"मग हाच म्हणून का सांगितलंस?"

आईनं कप चाचपून खाली ठेवला. ती अगदी शांतपणे, हिशेब समजावून द्यावा तशी बोलली. "तो तुला विचारणार, आई काय म्हणाली. तुला मेलीला खोटं बोलता येत नाही. तोंड वाकडं करून काहीतरी बोलली असतीस आणि भरल्या कार्यक्रमात त्याचं मन मोडलं असतंस. म्हणून मीच बोलले. तुला खरं तेच सांगता यावं म्हणून. आणि हा परत बसवलास ते त्याला कळू देऊ नकोस. वाईट वाटेल पोराला."

रेडिओताईला इतका राग आला की हातातला स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकावा असं तिला वाटलं. तिच्या सोललेल्या बोटांबद्दल या घरात कुणाला वाईट वाटणार होतं? ज्याच्यासाठी आईनं आपला दिवस उजाडायचा आवाज दिला, त्याला ती सभागृहात होती की नव्हती याचीही चौकशी करावीशी वाटली नव्हती. हे सगळं बोलायला तिनं तोंड उघडलं.

आईनं तिच्याकडे चेहरा वळवला. बोटाला अजून तो दोरा होता.

"विचारलं ना गं त्यानं?"

रेडिओवरचा माणूस आपल्या जुन्या, जरा घोगऱ्या आवाजात उद्याचं हवामान सांगत होता.

"हो," रेडिओताई म्हणाली. "मी आत गेले तर पहिलं तेच विचारलं."

"वाटलंच मला," आई म्हणाली, आणि हात लांबवून रेडिओचा आवाज थोडा मोठा केला.