दुसऱ्या मॉडेलमधली माणसं

पहिल्या दगडाने खिडकी फुटली, दुसऱ्याने धनलक्ष्मीचा कॉम्प्युटर. अर्थशास्त्र संस्थेच्या दारावर यंत्रमाग कामगारांच्या लाथा बसत होत्या.

आयात कापडावरचा कर उठवला तरी बेकारी वाढणार नाही, असा संस्थेचा निष्कर्ष सकाळच्या पेपरात आला होता. आकडेमोड धनलक्ष्मीची होती. अख्ख्या देशाचा व्यवहार समीकरणांत बसवणारी दोन मॉडेलं तिने वर्षभर ताडून पाहिली होती. पहिल्यात माग बंद पडलेला माणूस लगेच दुसऱ्या कामाला लागतो, असं धरलं होतं. दुसऱ्यात तो घरी बसत होता. संस्थेचे संचालक गुरुराज सरांनी दिल्लीला, सरकारकडे, पहिल्याचंच उत्तर पाठवलं, आणि ती गप्प राहिली.

दाराची कडी तुटली. लोखंडी गज घेऊन कुंभारी गावचा भारत पुढे आला. सर्वेक्षणाला गेली तेव्हा तिने त्याच्या घरी चहा घेतला होता.

"मॅडम, आमाला लगीच दुसरं काम घावतंय म्हनं? कुटं घावतंय? सांगा की!"

"ते एका मॉडेलमध्ये धरलेलं..."

गज उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. ती खाली कोसळली. तेवढ्यात पोलीस घुसले. जिन्यात भारतवर काठ्या पडू लागल्या. तो ओरडायचा थांबला तरी पडतच राहिल्या.

दवाखान्यात गुरुराज सर म्हणाले, "अहवालाला आता हात लावायचा नाही. मार खाऊन उत्तर बदललं म्हणतील लोक."

"मार पडायच्या आधीच बदलायला हवं होतं, सर. तेव्हा मी तुम्हाला घाबरले."

दुपारी तिने पोलिसांना जबाब दिला. मग डाव्या हाताने, एकेक अक्षर दाबत, दुसऱ्या मॉडेलचं उत्तर दिल्लीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती खालच्या वॉर्डात गेली. भारतचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते, हात कॉटला बेडीने अडकवलेला. बाकावर त्याची बायको रेश्मा बसली होती.

"भारतभाऊ, गज तुम्हीच मारला, असं मी पोलिसांना सांगितलंय. आणि तुमच्यासारखी माणसं बेकार होतील, हे दिल्लीला कळवलंय."

"मंग ठेवतील व्हय कर कायम?"

"माहीत नाही. वाचतील की नाही, तेही माहीत नाही."

भारतने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग रेश्मा बाकावर जराशी सरकली.

"बसा," ती म्हणाली. "हात लई सुजलाय तुमचा."