मूळ इसम

कुशाबाच्या कामासाठी कुशाबा नापास झाला. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून पुढे जाऊ. कुशाबाही तसंच धरून उभा होता.

उभा होता तो गिरगावात, हेरंबरावांच्या फोटो स्टुडिओत, दुसऱ्या मजल्यावर, रविवारी सकाळी. हेरंबराव खुर्चीत बसून त्याच्याकडे एक डोळा मिटून बघत होते. फोटोवाल्यांचा दोन डोळ्यांवर विश्वास नसतो.

"जरा उदास हो बघू."

"झालंय, साहेब."

"कधी?"

"मगासपासना."

"दिसत नाही रे. बायको निघालीय तुझी. समोर आगबोट उभी आहे. घे, हो उदास."

कुशाबाने आधी जे केलं होतं तेच पुन्हा केलं, म्हणजे काहीच केलं नाही.

"राग मानू नकोस," हेरंबराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण तू कुशाबा वाटत नाहीस."

आता मागचं सांगायला हवं. प्लेगच्या दुसऱ्या साली निम्मं लालबाग कोकणात पळालं. कुशाबाने ठरवलं, रखमाला पुढे धाडायचं आणि गिरणी बंद पडली की आपणही जायचं. गिरणी काही बंद पडली नाही. पण ते नंतरचं.

रखमा निघाली त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर हेरंबराव विलायतेहून आणवलेलं हलत्या चित्रांचं यंत्र तिपाईवर चढवून उभे होते. त्यांना आगबोट सुटताना घ्यायची होती. धुराड्यातून धूर निघालेला पाहून त्यांनी घाईघाईने दांडा फिरवायला घेतला. आगबोट धूर सोडत पुढे तासभर तशीच उभी राहिली. यंत्रातली चित्रांची पट्टी होती मिनिटभराची. त्या मिनिटात यंत्रासमोर जे आलं ते पट्टीवर उतरलं, आणि आली ती रखमा.

प्लेगच्या तपासणीला बसलेल्या डॉक्टरांच्या टेबलावरून ती पास होऊन सुटली होती. डोक्यावर गाठोडं घेऊन आगबोटीला लावलेल्या फळीवर चढली, निम्म्यात थांबली आणि वर येणाऱ्या सगळ्या माणसांना ढकलत खाली परत आली. पदराची गाठ दातांनी सोडली. त्यातली खोलीची किल्ली कुशाबाच्या तळहातावर ठेवली, त्याची बोटं एकेक करून मिटली आणि वर आपल्या बोटाच्या पेराने टकटक केलं, दार नीट लागलंय का बघतात तसं. मग काहीतरी बोलली आणि पुन्हा फळीवर गेली. तिथे पट्टी संपली.

गावी पोचल्यावर नवव्या दिवशी ती तापाने गेली. कुशाबा पोचला तेव्हा तिचं गाठोडंसुद्धा पुरतं सोडलेलं नव्हतं.

आणि इकडे गिरगावात खिडक्यांना काळे पडदे लावून दर रविवारी दुपारी 'किल्लीचा खेळ' सुरू झाला. आगबोटीची पट्टी फुकट गेली म्हणून हेरंबराव आधी दोन दिवस जेवले नव्हते. पण लोक किल्ली बघून हसले, टकटक बघून गप्प झाले आणि पुढच्या रविवारी बायकामुलं घेऊन आले. बाई शेवटी काय बोलते यावर वाद होत. कोणी म्हणे 'सांभाळून असा', कोणी म्हणे 'पत्र धाडा'. एका मास्तरांनी ती संस्कृत बोलत असल्याचं ओठांवरून ओळखलं होतं.

कुशाबाला माहीत होतं. ती म्हणाली होती, "चावी ऱ्हवली माज्याकडे. भायर निजलो असतस."

दर रविवारी तो लालबागहून चालत यायचा आणि अगदी पुढे, जमिनीवर बसायचा. रखमा फळीवरून परत यायची. तो मांडीवरची मूठ मिटून घ्यायचा. ते वाक्य मनातल्या मनात तिच्या ओठांबरोबर म्हणायचा. आणि आगबोट सुटायच्या आत पट्टी संपायची. वर्षभरात आगबोट एकदाही सुटली नाही.

वर्षाने पट्टी झिजली. कडेची भोकं फाटली, रखमाच्या अंगावर ऐन उन्हाळ्यात पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसू लागल्या. शिवाय काळबादेवीला कोणीतरी हाच खेळ नवा काढला होता. त्यात बाई जाते आणि बकरी परत येते. दादरला निघालेल्या खेळात नवराच गावी जातो आणि बायको निवांत होते. तोही चालला. पुण्याहून एक गृहस्थ येऊन विचारून गेले, किल्लीच्या जागी छत्री चालेल का.

"लोकांना तेच हवं असतं," हेरंबराव कुशाबाला सांगत होते, "फक्त नवं करून. म्हणून तुला बोलावला. म्हटलं मूळ माणूस आहे, पुन्हा उभा करू. पण नाही जमत. हा बघ, हा धोंडू."

कोपऱ्यात धोंडू नावाचा तालमीतला पहिलवान बसला होता. न सांगताच तो उदास झाला. खरोखरच सुंदर झाला. कुशाबालाही त्याच्याबद्दल वाईट वाटलं.

रखमाचं काम वसंत करणार होता. नाटक कंपनीत तो राण्यांची कामं करायचा. भरजरी शालू नेसून, नथ घालून तो आतून आला आणि कुशाबासमोर अदबीने बसला.

"बाई चालायच्या कशा?"

"भराभर."

"डोळे पुसले त्यांनी?"

"नाय. हात मोकळो खंय होतो? गाठोडा होता."

"मग शेवटी बोलल्या काय? तेवढं कळलं तर मला ओठ हलवायला बरं."

कुशाबाने त्याच्या नथीकडे पाहिलं.

"आयकाक नाय इला," तो म्हणाला. "भोंगो वाजलो."

"हरकत नाही," हेरंबराव म्हणाले. "तू 'प्राणनाथ' म्हण. आणि कुशाबा, किल्ली आहे ना तुझ्याकडे? तीच?"

कुशाबाने गळ्यातला दोरा काढला. हेरंबरावांनी किल्ली उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि त्यांचा चेहरा खुलला. किल्ली पहिल्याच खेपेला पास झाली.

"ही राहू दे. काम झालं की ने परत."

कुशाबा गेला नाही. दारापाशी घुटमळला.

"साहेब, जुनी पट्टी एकदा लावशात? माज्यापुरती."

"अरे, ती यंत्रात घातली की तुटते."

"तुटलेला जोडूचा कामच माजा. गिरणीत दुसरा काय करतंय? दिवसाक हजार धागे जोडतंय."

"हा धागा नव्हे. आणि जुनी लावली हे लोकांना कळलं तर नवी कोण बघणार? डब्यात घालून ठेवलीय, डब्यातच बरी." मग त्याला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "नव्यात सगळं आहे रे. उलट जास्त आहे. दोन पट्ट्या जोडून या वेळी आगबोट सुटताना दाखवणार. लोकांची तक्रारच होती, बाई जातच नाही म्हणून."

"ती कशाक जाऊक व्हयी?" कुशाबा म्हणाला.

हेरंबराव नाही म्हटलं तरी शिकलेले होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

कुशाबा चालत लालबागला आला, चाळीचा जिना चढला आणि आपल्या खोलीसमोर उभा राहिला. दाराला कुलूप होतं. सकाळी त्यानेच लावलेलं.

थोडा वेळ त्याने कुलपाकडे बघितलं. मग दाराला पाठ लावून गॅलरीत बसला. रखमाचं वाक्य वर्षभर उशिरा खरं झालं होतं. त्याला थोडं हसूही आलं, पण हसायला शेजारी कोणी नव्हतं.

दुपारी पलीकडच्या खोलीतला चंदू जेवून बाहेर आला. चंदू म्युनिसिपालटीत कारकून. प्लेगच्या खात्यात बसून बसून तो घरीसुद्धा 'सदरहू भाजी' म्हणायचा.

"कुशाबा, बाहेर का रे?"

"चावी नाटकात गेली."

चंदूला हे उत्तर पुरेसं वाटलं. कचेरीत याहून वाईट कारणं येत.

"फोडू का कुलूप? दगड आणतो."

"नको." कुशाबाने दाराला टेकलेली पाठ हलवली नाही. "चंदू, तू अर्ज लिवतस मां? एक लिही."

"कोणाच्या नावाने?"

"आगबोट ज्येच्या हातात आसा, त्येच्या."

"पोर्टाचे साहेब?"

"त्येंच्याहून वरचो."

चंदू आतून दौत, टाक आणि कागद घेऊन आला, उंबऱ्यावर मांडी घालून बसला. कुशाबा बराच वेळ सांगत राहिला. चंदूने दोनदा टाक थांबवला, एकदा नाक पुसलं, पण लिहिलं ते कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणेच.

"मेहेरबान साहेब (खाते जे असेल ते) यांचे सेवेशी. अर्जदार कुशाबा, राहणार लालबाग, धंदा गिरणीत तुटलेले जोडणे, सविनय अर्ज करतो ऐसाजे: अर्जदाराचे खोलीची किल्ली नव्या खेळाचे कामी जमा झाली आहे. नव्या खेळातील बाई सदरहू किल्ली दुसऱ्या इसमास देणार असून त्यानंतर आगबोट सुटणार आहे. दुसऱ्या इसमाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तो दिसण्यास बरा आहे. मात्र किल्ली परत देणे ती शिपायामार्फत अगर टपालाने देऊ नये. मूळ बाईंनी फळीवरून माघारी येऊन मूळ इसमाचे हाती समक्ष द्यावी व बोटे त्यांनीच मिटावी. अर्जदार तोपर्यंत बाहेर बसून आहे. तरी सदर काम उरकेपर्यंत आगबोट धक्क्यासच उभी ठेवण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती."