मुन्सिफच्या पेट्यांचं वजन

स्फाक्सच्या बंदरात रधियाच्या पाठीमागे सगळे तिला ‘गोदामाची सासू’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. जलूली नावाच्या जहाज-एजंटाकडे ती धोक्याचा माल तपासायला होती. दाबाखालचा वायू पोटात घेऊन बसलेली यंत्रं, म्हणजे शीतपेट्या, आग विझवायची नळकांडी, ट्रकचे शॉक अॅब्सॉर्बर, जहाजावर चढण्याआधी तिच्या नजरेखालून जात. कोणी म्हणालं, “यात काही नाही हो,” की रधिया आधी त्या माणसाचा चेहरा बघे आणि मग पेटी. आत वायू आहे हे न सांगता चढवलेलं एक नळकांडं उन्हात तापून फुटलं होतं, आणि त्यात जखमी झालेल्या खलाशाला उचलून खाली आणताना तिनं पाहिलं होतं. तेव्हापासून तिला गोड बोलणाऱ्याचा जास्त संशय येई.

फक्त एका माणसाचा माल ती काट्यावर चढवत नसे. तो तिचा नवरा मुन्सिफ. मासेमारी धक्क्यामागे त्याचं दुकान होतं. बोटींवरचे फुगणारे तराफे त्याच्याकडे तपासणीला येत. बोट बुडायला लागली की दोरी ओढायची, नळकांड्यातला वायू सुटतो आणि तराफा फुगतो. दरवर्षी तराफा उघडायचा, भोकं शोधायची, नळकांडं भरायचं, घडी घालून पेटीत सील करायचं, हे त्याचं काम. परदेशी बोटींचे तराफे मग रधियाच्या गोदामातून जहाजानं जात. कागदावर तो जे वजन लिही तेच ती उतरवून घेई. घरच्या माणसाची पेटी तोलायची म्हणजे आईनं वाढलेल्या ताटातलं मीठ मोजण्यासारखं, असं तिला वाटे.

आणि मुन्सिफ तसा सरळ होता, कारण तो भांडत असे. प्रत्येक खेपेला त्याचा तोंडाचा पट्टा सुरू. हे धोक्याचं लेबल कशाला, तो वायूचा कागद कशाला, माणसं वाचवणाऱ्या वस्तूला धोक्याची म्हणायला तुमच्या नियमवाल्यांना लाज कशी वाटत नाही! रधिया ऐकून घेई आणि वाकडं लावलेलं लेबल स्वतः सरळ करी.

हिवाळ्यात मात्र तो अचानक गप्प झाला. कागद आदल्या दिवशीच तयार. लेबलं सगळी एका रेषेत. एकदा तर त्यानं विचारलं, “अजून काही हवंय का तुला? सांग, आणून देतो.”

तिनं नणंदेला सांगितलं, तर ती हसली. “नवरा सुधारला म्हणून तोंड पाडून बसलेली बाई मी पहिल्यांदाच बघतेय.”

“माणूस पन्नाशीनंतर सुधारत नाही,” रधिया म्हणाली. “लपवायला शिकतो.”

काय लपवत असेल, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. त्रिपोलीकडे जाणारे तराफे. रबराच्या घड्यांत काय वाटेल ते गुंडाळता येतं, आणि सील एकदा लागलं की कोण उघडतंय! नशेच्या गोळ्या असतील, सोनं असेल. ती त्याचे खिसे चाचपू लागली. एक दिवस न सांगता डबा घेऊन दुकानात गेली. मुन्सिफ एका तराफ्याला ठिगळ लावत होता. वायू भरायच्या यंत्रावर ताडपत्री होती, तिच्यावर धूळ. रधिया मात्र कपाटांच्या मागे, गाद्यांच्या खाली डोकावत राहिली. काहीच सापडलं नाही, तेव्हा संशय आणखी वाढला.

मग त्रिपोलीच्या सहा पेट्या आल्या. रधियानं लारूसीला हाक मारली. हा गोदामातला हमाल, जिभेला हाड नसलेला. म्हणाली, “काट्यावर ठेव.”

“ह्या? ह्या तर आपल्या दाजींच्या. ताई, रात्री भांडण झालं वाटतं?”

“ठेव म्हटलं ना.”

पेटी जड भरणार याची तिला खात्री होती. काटा थांबला, तो लिहिलेल्या वजनाच्या अलीकडेच. तिनं दुसरी ठेवायला लावली. तीही हलकी. सगळ्याच हलक्या, आणि कमी-अधिक तेवढ्याच. लारूसी म्हणाला, काटा बिघडला असेल. त्यानं स्वतः काट्यावर उभं राहून बघितलं, तर काटा ठीक होता.

रधिया पेटीवर हात ठेवून उभी राहिली. आत काही घातलेलं नव्हतं. आतून काहीतरी काढलेलं होतं, किंवा घातलंच नव्हतं. डोळ्यांना न दिसणारी पण काट्याला कळणारी एकच गोष्ट त्या पेटीत असायला हवी होती. ताडपत्रीवरची धूळ तिला आत्ता आठवली.

मुन्सिफ आला तेव्हा तिनं लारूसीला चहाला पाठवलं.

“नळकांडी रिकामी आहेत.”

मुन्सिफनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळू आवाजात सांगू लागला. वायूचा कारखाना दुरुस्तीला बंद पडला होता. बोटींचे तांडेल दारात उभे. तपासणीचा शिक्का नसेल तर बोट बंदराबाहेर सोडत नाहीत. आठ-दहा दिवसांत वायू येईल, मग बोलावून भरून देऊ, असं त्यानं ठरवलं होतं. वायू आला तो महाग आला, आणि तोवर कोणाला काही कळलंही नव्हतं.

“आणि तुझ्या नियमात मी काय मोडलं?” तो एकदम म्हणाला. “तुझा नियम वाटेतल्या धोक्यासाठी. ह्या पेट्यांना वाटेत काहीसुद्धा होणार नाही. अख्ख्या जहाजावर इतका निर्धोक माल दुसरा नसेल.”

“म्हणून लेबलं सरळ लावत होतास?”



जलूलीसाहेबांचं मत पडलं की पेट्या गुपचूप परत पाठवाव्यात, काहीतरी सबब सांगावी, आपल्या गोदामाचं नाव कशाला खराब करायचं. रधियानं पेट्या अडवल्याचं लिहून बंदर-कचेरीत स्वतः नेऊन दिलं. मग घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं, आधीचे रिकामे तराफे कुठं कुठं गेले. मुन्सिफ म्हणाला, काही त्रिपोलीला गेले, महदियाला दोन बोटींवर आहेत, उद्या जाऊन सांगतो. ती म्हणाली, मी बरोबर येते. तू जाशील यावर माझा विश्वास नाही.

महदियाच्या धक्क्यावर तांडेल अम्मार जाळी दुरुस्त करत बसला होता. मुन्सिफला पाहून त्यानं आनंदानं बसायला जागा केली. मुन्सिफनं सुरुवात केली, पुन्हा केली. शेवटी रधियानंच सांगितलं. अम्मारला ते पटेना. तो उठला, तराफ्याची पेटी कठड्यावरून पाण्यात लोटली आणि दोरीला हिसका दिला. खट् असा बारीकसा आवाज झाला. पेटी जरा कलली आणि लाटांवर तशीच डुलत राहिली. धक्क्यावरची माणसं जवळ येऊन बघू लागली.

“वादळ उठलं होतं तेव्हा पोरं रडायला लागली होती,” अम्मार दोरी गुंडाळत म्हणाला. “मी त्यांना सांगितलं, घाबरू नका, तराफा मुन्सिफकडून नुकताच भरून आणलाय.”

अम्मारनं मुन्सिफकडे पाहिलंसुद्धा नाही. तो रधियाला म्हणाला, “आणि बाई, तुम्ही तर तपासणाऱ्या ना?”

अम्मारचा तराफा तिच्या गोदामातून गेलाच नव्हता, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. जे गेले होते तेही तिनं कुठं तोलले होते!

दुसऱ्या बोटीचा तराफा त्यांनी उतरवून घेतला. त्रिपोलीला आधी गेलेल्यांसाठी तारा केल्या. सगळ्यांची उत्तरं आली, एकाचं आलं नाही. त्या बोटीचं नाव रधिया बरेच दिवस बंदरातल्या प्रत्येक खलाशाला विचारत राहिली. अखेर कळलं की ती बोट विकली गेली होती आणि नव्या मालकानं तराफाही बदलला होता. ते ऐकून ती गोदामाच्या पायरीवर बसून रडली.

दुकानाला सील लागलं, खटला उभा राहिला. मुन्सिफचं दंडावर निभावलं, पण परवाना गेला. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागला. रधियाची नोकरी राहिली. मात्र तिनं तपासलेला माल आता आणखी एक जण तपासतो. नवऱ्याचं बायकोला कसं कळलं नाही, असं लोक कुजबुजतात, आणि ती जवळ आली की गप्प होतात. जलूलीसाहेबांनीही एकदा चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं तेच विचारलं.

उन्हाळ्यात महदियाहून एक गाठोडं आलं. आत वाळवलेले ऑक्टोपस होते, उत्तम प्रतीचे. चिठ्ठी नव्हती. मुन्सिफ म्हणाला, अम्मारनं माफ केलं असेल. रधियानं एक तुकडा उचलून वास घेतला, उलटसुलट करून पाहिला. आभार असतील की टोमणा, तिला ठरवता येईना. संध्याकाळी तिनं ते भिजत घातले, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी कुसकुसबरोबर खाल्ले. पहिला घास तिनं घेतला.