घोटभर लाली

बाळंतपणानंतर गोजरबाईच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. किसनराव धामणगावहून कापसाची गाडी घेऊन खामगावला निघाला, तेव्हा बायकोला दवाखान्यात दाखवावं म्हणून तिलाही त्यानं सोबत घेतलं. कापसावर पडल्या पडल्या तिला आपण ढगांतून चाललोय असं वाटे. बैलांच्या घुंगरांचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा येई.

बाजारात एक औषधवाला ओरडत होता, "लोखंडाचा अर्क! आठवड्यात अंगभर रक्त!" त्यानं तिला एक घोट फुकट पाजला. गोड, गरम घोट उतरला, गाल तापले, आणि सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यावरून उडणारा कापूस तिच्याभोवती अलगद फिरू लागला.

"पाहा, लाली चढली!" औषधवाला म्हणाला.

"घेऊ का तुले एक बाटली?" किसनरावानं हरखून विचारलं.

गोजरबाईनं डोळे मिटून स्वतःच्या अंगाचा कानोसा घेतला. "नका घेऊ. सुईणीनं पाजलेल्या मोहाच्या दारूवाणी चढून राह्यलं हे. रक्त असं घोटासरशी येते काय? पाय तं अजून गारच हायेत."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली नि लोहाच्या गोळ्या दिल्या.

"कधी बरं वाटीन?"

"नेमकं कसं सांगू? महिने लागतील. पुन्हा येऊन दाखवा."

त्या उत्तरावरच तिचा विश्वास बसला. पोट कुरकुरलं तरी तिनं गोळ्या सोडल्या नाहीत. होळीच्या सुमारास ती भरली घागर घेऊन न थांबता घरी आली. अशक्तपणातली ती तरंगती गुंगी आता येत नव्हती, आणि तिच्यावाचून थोडं चुकल्यासारखंच वाटलं तिला.