पेंढ्याने फुगलेली पखाल

मित्रांनो, मी मराकेशच्या मोठ्या चौकातली, पाणी वाहायची एक जुनी पखाल आहे. अंगाने बकऱ्याचं कातडं आणि पुढे एक पितळी तोटी, एवढाच माझा थाट. आज माझा जीव कंठाशी आला आहे, म्हणून मानपान बाजूला ठेवून तुमच्याशी बोलते आहे.

मला डोंगरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने शिवलं. केस बाहेर ठेवले आणि आतून झाडाचा काळा चीक चोपडला. पाणीवाल्या बुशाइबच्या खांद्यावर मला चढवताना तो म्हणाला, "हिला कधी कोरडी ठेवू नकोस. कातडं पाण्यावर जगतं. सुकलं की शिवणीपासून मरायला लागतं." बुशाइबने मान डोलावली आणि पुढे एकतीस वर्षं शब्द पाळला.

काय दिवस होते ते. लाल झगा, गोंड्यांची रुंद टोपी आणि हातात घंटा घेऊन बुशाइब निघाला की हमाल ओझी खाली ठेवत. माझ्या पाण्याला त्या चिकाचा वास यायचा. नवखे नाक मुरडायचे, पण चौकातल्या माणसांना दुसरं पाणी अळणी लागायचं. बुशाइबच्या केसांत चांदी चढली आणि सगळे त्याला 'बा' म्हणू लागले.

मग घरोघरी नळ आले, हाताहातांत बाटल्या आल्या. राहिले ते प्रवासी. वाटाड्या त्यांना घेऊन यायचा आणि घाईने म्हणायचा, "मनोरा झाला, राजवाडा झाला, निळ्या भिंतींची बाग झाली. आता हा पाणीवाला. बा, जरा उन्हाकडे तोंड कर." लोक माझ्या पोटावर हात ठेवून फोटो काढायचे आणि निघून जायचे. आत काय आहे, हे एकानेही विचारलं नाही.

तरी बा मला रोज भरायचा आणि संध्याकाळी न प्यालेलं पाणी संत्र्याच्या झाडाला घालायचा. त्याचा खांदा मात्र उतरत चालला होता. एके दिवशी चौकातला दुसरा पाणीवाला अल्लाल हसून म्हणाला, "कुणासाठी हा भार वाहतोस, बा? माझ्या पखालीत पेंढा आहे. फोटोत पाहा, तुझ्या पखालीपेक्षा गुटगुटीत दिसते."

"लाज नाही वाटत?" बा म्हणाला.

"वाटते ना. पण खांदा दुखत नाही."

चार दिवसांनी बाने माझ्या पोटात पेंढा कोंबला. मी त्याला दोष देत नाही. रात्ररात्र कण्हायचा तो. पण मित्रांनो, पाण्याच्या जागी पेंढा म्हणजे काय, ते कसं सांगू? माझा चीक तडकला. मागच्या पायाची शिवण आवळत गेली. रोज वाटायचं, आज भरेल, आज तरी भरेल. मला घसा आहे, पण आवाज नाही.

महिन्याभराने जुन्या गल्लीतली लल्ला झोहर आली. अंगावर सुतकाची पांढरी वस्त्रं. तिच्या आईने उभा जन्म माझंच पाणी प्यालं होतं. "बा, आईला जाऊन आज चाळिसावा दिवस," ती म्हणाली. "तिच्या नावाने चौकात पाणी वाट. पखालीचंच हवं, असं सांगून गेली आहे."

बाचा चेहरा पडला. आमच्याकडे मेलेल्याच्या नावाचं पाणी कुणी नाकारत नाही. त्याने खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. खाली बसून तो माझ्या तोंडातून मुठी मुठी पेंढा उपसू लागला.  लल्ला झोहर हळूच म्हणाली, "तूसुद्धा, बा?"

तो मला घेऊन नळाकडे अक्षरशः धावला. पाणी आत आलं आणि मला रडू फुटावं तसं झालं. पण ते माझ्यात राहीना. शिवण उसवली, पाणी फरशीवर वाहू लागलं. बाने तळव्याने भोक दाबून धरलं. लल्ला झोहरने भराभर वाट्या भरल्या. एक हमालाला दिली, एक भाजीवालीला. तिसरी जेमतेम अर्धी भरली, ती तिने स्वतः प्याली. "पेंढ्याचा वास येतो," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. तेवढ्यात प्रवाशांचा एक घोळका आला. त्यांनी आमचे फोटो काढले.

संध्याकाळी बाने मला शिवलं आणि नवा चीक चोपडला. आता भरशील ना, असं मी शंभरदा मनातल्या मनात म्हटलं.

आज सकाळ झाली आहे. बाचा खांदा सुजला आहे. प्रवाशांची बस चौकाशी येऊन थांबली आहे आणि अल्लाल पेंढ्याची जुडी पुढे करून म्हणतो आहे, "घे, उशीर करू नकोस." बाने ती हातात घेतली आहे. माझं तोंड उघडं आहे. तो एकदा नळाकडे बघतो, एकदा बसकडे.

मित्रांनो, तुम्ही त्या बसमध्ये असाल तर खुशाल फोटो काढा. माझ्या पोटावर हात ठेवा, हसा, मला राग नाही. फक्त उतरल्या उतरल्या त्याच्याकडे वाटीभर पाणी मागा. तुमच्यातल्या एकाने जरी मागितलं, तरी त्याला मला भरावंच लागेल.